एका ग्रंथासाठी सात वर्षे : धर्मानंद कोसंबी



या वेळी एका अशा मराठी माणसाची ओळख करून घेऊ, ज्याचे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेले असते, पण त्याची गोष्ट मात्र पूर्ण माहीत नसते. आधी हे नाव कसे आठवले ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीचा रात्री उशिरा फोन आला. ती मराठवाड्यातल्या एका खाजगी संस्थेच्या महाविद्यालयात शिकवते आणि पीएच.डी.चे काम करत होती. तिला हवा असलेला शोधनिबंध इंटरनेटवर सापडला होता, पण वाचता येत होता फक्त त्याचा सारांश. पूर्ण लेख उघडायचा तर तीसपस्तीस डॉलर भरा. असे चाळीसेक लेख तिला लागणार होते. मामा, तुम्ही तर लंडनला आहात, तुम्हाला तो कुठे वाचायला मिळतो का बघा ना, एवढेच तिचे म्हणणे. शेवटी तिने लेखकालाच पत्र लिहिले आणि त्या भल्या माणसाने दोन दिवसांत प्रत पाठवली.

काम झाले, पण मला वाईट वाटत राहिले. इल्फर्डला क्लेमेंट्स रोडवरच्या ग्रंथालयात आपली मुले जातात. हवे ते पुस्तक तिथे नसेल तर दुसरीकडून मागवून मिळते. गाडीने मध्य लंडनला गेले की ब्रिटिश लायब्ररीचा वाचक-पास कुणालाही फुकट मिळतो. आपल्याला याचे काहीच वाटत नाही. तिकडे अभ्यास करणाऱ्या माणसाला मात्र एका लेखासाठी कुणाच्या तरी दारी उभे राहावे लागते. त्या रात्री मला धर्मानंद कोसंबी आठवले. एक ग्रंथ वाचायला मिळावा म्हणून ते देशोदेशी फिरले होते.

साखवाळचा मुलगा

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या राज्यात होता. घरचे उत्पन्न म्हणजे नारळाची बाग. प्रकृती नाजूक, गावात शिक्षणाची सोय बेताची, त्यामुळे शाळा मराठी पाच इयत्तांच्या आसपासच थांबली. लहान वयात लग्न झाले आणि बागेची राखण, माडांची देखभाल, घरची देणी यांत दिवस जाऊ लागले.

पण वाचायचे वेड मोठे. मिळेल ते मराठी पुस्तक, मासिक ते वाचून काढत. विनायक कोंडदेव ओक मुलांसाठी ‘बालबोध’ नावाचे मासिक काढत असत. १८९७च्या सुमारास त्यातले गौतम बुद्धाचे छोटे चरित्र धर्मानंदांच्या हाती पडले. मुलांच्या मासिकातला तो लेख वाचून एकवीस वर्षांच्या या तरुणाचे मन पार बदलून गेले. बुद्धाने नेमके काय सांगितले हे मुळातून वाचायचे, असे त्यांनी ठरवले.

पण वाचायचे कुठे? बुद्धाचे उपदेश पाली भाषेत आहेत. ते ज्या देशात सांगितले गेले, त्या देशात पालीचे अध्ययन कित्येक शतकांपूर्वीच जवळजवळ संपले होते. ग्रंथ राहिले सिंहलद्वीपात, ब्रह्मदेशात आणि सयाममध्ये. इकडे लंडनमध्ये ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली होती आणि तिच्यातर्फे पाली ग्रंथ रोमन लिपीत, वर्गणीदारांच्या पैशावर छापले जात होते. सयामच्या राजाने, चुलालोंगकोर्नने, १८९३ साली त्रिपिटकाचे ३९ खंड छापून निरनिराळ्या देशांतल्या ग्रंथालयांना फुकट पाठवले. केवढे मोठे दान! पण लिपी सयामी. म्हणजे ग्रंथ जगात होते, छापलेलेही होते, पण साखवाळच्या बागेतल्या माणसाला त्यांचा काही उपयोग नव्हता. रोमन लिपीतली पुस्तके विकत घ्यायची ऐपत नव्हती, सयामी लिपी येत नव्हती, आणि पाली शिकवणारे आसपास कुणीच नव्हते.

घर सोडले

१८९९च्या अखेरीस धर्मानंद घराबाहेर पडले. घरी पत्नी बाळाबाई होत्या आणि त्याच वर्षी जन्मलेली मुलगी होती. ही गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपण ज्याला ज्ञानाची तळमळ म्हणतो तिची किंमत अनेकदा घरातले दुसरेच कुणीतरी मोजते. बाळाबाईंनी ती जवळजवळ सात वर्षे मोजली. धर्मानंदांना स्वतःलाही याची बोचणी होती.

पहिला मुक्काम पुणे. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर भेटले. भांडारकर हे पाश्चात्त्य विद्वानही ज्यांचा शब्द मानत असे पंडित. पण पाली शिकवण्याची सोय तेव्हा पुण्यातही नव्हती. आधी संस्कृत पक्के करायचे म्हणून धर्मानंद ग्वाल्हेरमार्गे काशीला गेले. खिशात पैसा नाही. अन्नछत्रात जेवायचे, थंडीवाऱ्यात मिळेल तिथे राहायचे आणि शास्त्र्यांकडे पाठ घ्यायचा, असा क्रम बराच काळ चालला.

१९०२ साली ते नेपाळला गेले. बुद्धाच्या जन्माचा तो प्रदेश, तिथे तरी खरा बौद्ध धर्म आणि त्याचे ग्रंथ भेटतील अशी आशा होती. ती फोल ठरली. निराश होऊन ते बोधगयेला आले. तिथे त्यांना कळले की पाली शिकायची तर सिंहलद्वीपाला गेले पाहिजे. मग कलकत्त्याच्या महाबोधी सभेच्या मदतीने ते कोलंबोला पोहोचले. घर सोडून दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता आणि पालीचे पहिले अक्षर आता कुठे समोर येणार होते!

कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि अभ्यास सुरू केला. ग्रंथ सिंहली लिपीत, म्हणून आधी ती लिपी शिकले. पुढे ब्रह्मदेशात गेले, तिथे ब्रह्मी लोकांची लिपी शिकले, भिक्षू म्हणून राहिले, ध्यानाचा अभ्यास केला. मधल्या काळात भारतात येऊन बुद्धाच्या आयुष्याशी जोडलेली ठिकाणे पायी हिंडून पाहिली. १९०६च्या सुरुवातीला ते कलकत्त्याला परतले, तेव्हा पाली ग्रंथ मुळातून वाचणारे जे मोजके भारतीय होते त्यांत त्यांची गणना होऊ लागली.

जे मिळाले ते परत द्यायचे

इथून पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इतक्या कष्टाने मिळवलेली विद्या माणूस सहसा जपून ठेवतो. धर्मानंदांनी ती वाटायला घेतली.

कलकत्त्याला राष्ट्रीय महाविद्यालयात आणि मग विद्यापीठात त्यांना पाली शिकवण्याचे काम मिळाले. पगार चांगला होता, पुढे वाढणारही होता. पण त्यांचा जीव महाराष्ट्राकडे ओढत होता, कारण आपल्या भाषेतल्या लोकांना हे सांगायचे राहून गेले होते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना महिना ५० रुपये देऊ केले. अट एकच होती, महाराष्ट्रात कुठेही राहा आणि वर्षाला एक पुस्तक लिहा. कलकत्त्याचा मोठा पगार सोडून धर्मानंदांनी हे ५० रुपये स्वीकारले. बडोद्याला दिलेल्या व्याख्यानांचे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० साली निघाले.

आज आपण ज्याला संशोधनवृत्ती म्हणतो तीच ही. फक्त पैसे देणाऱ्याने फळ आपल्या कपाटात न ठेवता लोकांपर्यंत जावे अशी अट घातली होती. आजही सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन सर्वांना वाचता आले पाहिजे, असा आग्रह जगभर धरला जातो. बडोद्याच्या महाराजांनी तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका अटीत बसवला होता.

हार्वर्ड आणि ‘विसुद्धिमग्ग’

याच काळात अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले होते. त्यांना पाली नीट जाणणारा माणूस हवा होता. त्याचे कारण असे. बुद्धघोषाचार्यांनी पाचव्या शतकात सिंहलद्वीपात ‘विसुद्धिमग्ग’ हा मोठा ग्रंथ लिहिला. हेन्री क्लार्क वॉरेन नावाच्या अमेरिकन विद्वानाने सिंहली आणि ब्रह्मी हस्तलिखिते जमवून त्याची शुद्ध प्रत तयार करायला घेतली होती. वॉरेन लहानपणीच्या अपघाताने अपंग झालेले, तरी अखेरपर्यंत काम करत राहिले आणि १८९९च्या जानेवारीत वारले. काम अर्धेच राहिले. त्याच वर्षाच्या शेवटी गोव्यातला एक तरुण पाली शिकायला घराबाहेर पडत होता, हा योगायोग पाहण्यासारखा आहे.

१९१० साली धर्मानंद हार्वर्डला गेले आणि प्राध्यापक लॅनमन यांच्याबरोबर या ग्रंथावर काम करू लागले. काम उत्तम चालले, पण ग्रंथावर श्रेय कुणाचे आणि कसे छापायचे यावरून दोघांचे पटेना. १९१२ साली धर्मानंद परत आले. पुढे १९१८ ते १९२२, मग १९२६-२७ आणि पुन्हा १९३१-३२ असे ते हार्वर्डला जात राहिले.

या एका ग्रंथाच्या छपाईची हकीकत ऐका, म्हणजे ज्ञान अडते कुठे ते समजेल. लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने श्रीमती ऱ्हिस डेव्हिड्स यांनी संपादित केलेली रोमन लिपीतली प्रत १९२०-२१ साली काढली. हार्वर्डची प्रत मात्र रखडत गेली. ती १९५० साली बाहेर आली, तेव्हा धर्मानंदांना जाऊन तीन वर्षे झाली होती. पण ते तिची वाट बघत बसले नाहीत. १९४० साली त्यांनी मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे ‘विसुद्धिमग्ग’ देवनागरीत छापून घेतला. ज्याला मराठी, हिंदी किंवा संस्कृत वाचता येते त्याला आता सिंहली, ब्रह्मी किंवा रोमन लिपी शिकण्याची गरज उरली नाही. त्यांना स्वतःला ज्या पायऱ्या चढाव्या लागल्या होत्या, त्या पुढच्या विद्यार्थ्यासाठी त्यांनी कमी करून टाकल्या.

शिक्षक, सत्याग्रही, भिक्षूंचा यजमान

१९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळाले त्यात भांडारकरांचा आणि त्यांचा वाटा आहे. त्यांच्या हाताखाली पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे, ना. के. भागवत यांच्यासारखे विद्यार्थी तयार झाले. पाली शिकण्यासाठी आता कुणाला समुद्र ओलांडायची गरज नव्हती.

पुढे गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काम केले. १९२४ साली ‘निवेदन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. गोव्यापासून ब्रह्मदेशापर्यंतच्या प्रवासाची हकीकत त्यात त्यांनी अगदी साध्या भाषेत, स्वतःच्या चुकांसकट सांगितली आहे. १९२९ साली ते रशियात लेनिनग्राडलाही शिकवायला गेले. १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. नंतर मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. ‘भगवान बुद्ध’ हे त्यांचे सर्वांत गाजलेले पुस्तक १९४०च्या सुमाराचे. साहित्य अकादमीने पुढे त्याची इतर भारतीय भाषांत भाषांतरे केली.

१९५६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लाखो मराठी माणसांनी बौद्ध धर्म स्वीकारला. त्या वेळी बुद्धाविषयी मराठीत वाचायचे म्हटले तर धर्मानंदांची पुस्तके हाताशी होती. जे वाचायला एका माणसाला कोलंबोपर्यंत जावे लागले होते, ते आता गावच्या वाचनालयात मिळत होते.

शेवटच्या काळात प्रकृती ढासळली. शरीर कामाचे उरले नाही असे वाटल्यावर त्यांनी अन्न सोडले आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामच्या आश्रमात शांतपणे देह ठेवला. स्वातंत्र्य अवघ्या काही आठवड्यांवर आले होते.

त्यांचे चिरंजीव दामोदर हे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगभर गाजले. वडिलांबरोबर १९१८ साली अमेरिकेला गेलेला हा मुलगा हार्वर्डचा पदवीधर होऊन परत आला. फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना, १९४४ साली, त्यांचा आनुवंशिकीतला एक छोटा निबंध लंडनच्या जर्नलमध्ये छापून आला. तो आजही जगात वापरला जातो. पण पुण्यातल्या कुणाला तो वाचायचा असेल तर ते जर्नल लंडनहूनच मागवायला हवे होते! म्हणजे बापाची अडचण मुलाच्या पिढीतही संपली नव्हती.

आज काय आहे?

धर्मानंदांच्या हयातीत छापलेली पुस्तके भारतातल्या कायद्याप्रमाणे १ जानेवारी २००८ पासून हक्कमुक्त झाली आहेत आणि ब्रिटनमध्येही आज ती हक्कमुक्त आहेत. ती कुणीही वाचावीत, छापावीत. पाली त्रिपिटक तर इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने देवनागरीसह अनेक लिप्यांत इंटरनेटवर मोफत ठेवले आहे. ज्यासाठी सात वर्षे लागली ते आज इल्फर्डच्या स्वयंपाकघरात, चहा उकळेपर्यंत उघडते.

चालू संशोधनाचे मात्र तसे झाले नाही. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या प्रकाशकांना बरोबर घेऊन ‘हिनारी’ ही योजना सुरू केली. गरीब देशांतल्या संस्थांना वैद्यकाची जर्नल्स फुकट किंवा अगदी कमी पैशात वाचता यावीत हा हेतू. पाठोपाठ शेतीसाठी, पर्यावरणासाठी अशा योजना आल्या. नेपाळ आणि ब्रह्मदेश, म्हणजे आजचा म्यानमार, यांना त्यात स्थान मिळाले. भारताला मिळाले नाही, कारण भारतातल्या काही संस्था आधीपासून पैसे भरून जर्नल्स घेत होत्या आणि प्रकाशकांना ते गिऱ्हाईक गमवायचे नव्हते. श्रीमंत संस्थेकडे जर्नल होते म्हणून जिल्ह्याच्या गावचा डॉक्टर वाचण्यावाचून राहिला.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी भारत सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक, संशोधक असा तिचा आवाका. मोठेच पाऊल आहे. पण योजना आखली गेली ती सरकारी संस्थांसाठी. माझ्या भाचीचे महाविद्यालय खाजगी संस्थेचे, त्यामुळे तिच्यापुढचे कुलूप तसेच राहिले. शिवाय वर्गणी म्हणजे भाडे. भरणे थांबले की दार बंद.

मग आपण काय करू शकतो? आपल्यातल्या कित्येक घरांत मुले-मुली इथल्या विद्यापीठांत संशोधन करतात. इथल्या बहुतेक विद्यापीठांचे स्वतःचे खुले संग्रह असतात. नियमात बसेल तितके आपले लेखन तिथे ठेवता येते आणि मग ते लातूरला किंवा फोंड्याला कुणालाही फुकट वाचता येते. त्याला पाचदहा मिनिटे लागतात. तिकडून कुणा अनोळखी विद्यार्थ्याचे लेखाची प्रत मागणारे पत्र आले तर ते बाजूला टाकू नये, आणि आपल्या विषयावर वर्षातून चार पाने मराठीत लिहावीत. सयाजीरावांनी एका पुस्तकाची अट घातली होती, आपण चार पानांवर भागवू.

भाचीला परवा धर्मानंदांची ही हकीकत सांगितली. ती म्हणाली की तिच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ‘निवेदन’ची जुनी प्रत आहे, पण कुणी फारसे नेत नाही. आता तिने ती घरी आणली आहे. आपल्या मंडळातही कुणाकडे धर्मानंदांचे एखादे पुस्तक असेल तर पुढच्या भेटीला जरूर घेऊन या, म्हणजे ते दोनचार घरांत फिरेल.

चूकभूल द्यावी घ्यावी.